चूक सहाव्या बिंदूची नव्हती

वर्तुळाच्या परिघावर काही बिंदू घ्यावेत, प्रत्येक बिंदू उरलेल्या सगळ्या बिंदूंशी सरळ रेषेने जोडावा आणि वर्तुळाच्या आतल्या जागेचे किती तुकडे झाले ते मोजावे, असा एक प्रश्न आहे. तो समजायला शाळेतले गणित पुरेसे होते. एका बिंदूला एकच तुकडा, दोन बिंदूंना २, तीन बिंदूंना ४, चार बिंदूंना ८ आणि पाच बिंदूंना १६. विज्ञान आणि गणित यांची ओढ असलेल्या माणसांच्या जालावरील एका मंडळात मी पहिल्यांदा काही लिहिले ते याच प्रश्नाबद्दल, आणि ते मी छातीठोकपणे लिहिले : प्रत्येक नव्या बिंदूबरोबर तुकडे दुप्पट होतात, म्हणून सहा बिंदूंना ३२. उत्तराखाली मी सिद्धताही जोडली होती.

त्याआधी चारेक महिने मी त्या मंडळात नुसती वाचत होते. माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा. आकड्यांशी रोजचा संबंध असला तरी गणित म्हणून जे काही असते ते महाविद्यालय संपले तेव्हाच हातातून सुटले होते, आणि ते सुटल्याची रुखरुख मात्र कधी गेली नव्हती. मंडळात शाळकरी मुले होती, अभियंते होते, निवृत्त शिक्षक होते, दोघे-तिघे प्रत्यक्ष संशोधन करणारेही होते. पण कोण काय शिकले आहे हे कोणी कोणाला विचारत नसे. विचारले जाई ते एवढेच की, या प्रश्नावर तुम्ही स्वतः आतापर्यंत काय करून पाहिलेत? सुरुवातीला मला ही अट कोरडी वाटे. एखाद्याला अडचण आली आहे, त्याला उत्तर सांगून मोकळे व्हावे, त्यात एवढे काय, असे मनात येई. पुढे स्वतः त्या प्रश्नाला सामोरी गेले तेव्हा कळले की, केलेली खटपट मांडली नाही तर मदत करू इच्छिणाऱ्याला आपली गाठ नेमकी कुठे बसली आहे ते दिसतच नाही आणि तो बिचारा आपल्याला आधीच माहीत असलेले सगळे पुन्हा समजावत बसतो.

माझ्या ३२ वर पहिले उत्तर आले ते एका ओळीचे होते : 'सहा बिंदूंची आकृती काढून तुकडे मोजलेत का?' मी मोजले नव्हते. पाचपर्यंत मोजले होते आणि पुढचे सिद्धतेवर सोपवले होते. त्या रात्री कंपास घेऊन बसले. वर्तुळाच्या त्रिज्येएवढेच कंपासाचे अंतर ठेवून परिघावर खुणा करत गेले की बरोबर सहा खुणा होतात, हे शाळेपासून हातात बसलेले; म्हणून बिंदू तसेच घेतले. पंधरा रेषा ओढल्या. प्रत्येक तुकड्यात बारीक अक्षरात क्रमांक घातला, आणि शेवटचा क्रमांक आला ३०. दोन तुकडे नजरेतून निसटले असे समजून दुसऱ्या कागदावर पुन्हा सगळे केले, या वेळी तुकडे रंगवत गेले. पुन्हा ३०. तिसऱ्या खेपेला कंपास न वापरता परिघावर हाताला येतील तिथे सहा बिंदू टाकले, आणि मोजले तर ३१. पुढचा तासभर मी वेगवेगळ्या जागी बिंदू घेऊन पाहत होते. ३० येई, ३१ येई, पण ३२ एकदाही आले नाही.

हे सगळे मी जसेच्या तसे मंडळात लिहिले आणि आकृत्यांची छायाचित्रे जोडली. लिहिताना संकोच वाटला होता, कारण ज्या गोष्टीची सिद्धता दिली आहे असे चारचौघांत म्हटले होते, तीच गोष्ट आता माझ्याच कागदावर खोटी ठरत होती. उत्तरात कोणी चुकीबद्दल एक शब्दही काढला नाही. एका सदस्याने माझ्या पहिल्या आणि तिसऱ्या आकृतीच्या मध्यभागी लाल गोल करून त्या परत पाठवल्या. पहिल्या आकृतीत, म्हणजे सारख्या अंतरावरच्या बिंदूंच्या आकृतीत, समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन लांब रेषा वर्तुळाच्या केंद्रात एकाच ठिकाणी भेटत होत्या. तिसऱ्या आकृतीत त्या तीन रेषांची जागा किंचित हलली होती आणि त्यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक त्रिकोण उघडला होता. एकतिसावा तुकडा तो होता. मी त्यात क्रमांक घातला होता, रंगही भरला होता, पण तो कुठून आला हे मला दिसले नव्हते.

मात्र खरा प्रश्न त्यानंतर आला, आणि तो ज्यांनी विचारला त्या निवृत्त शिक्षकांची मी कायमची ऋणी आहे. त्यांनी लिहिले : 'सहाव्या बिंदूचे राहू द्या. तुमच्या सिद्धतेत असे म्हटले आहे की, नवा बिंदू घेतल्यावर आधीचा प्रत्येक तुकडा दुभंगतो. दोन बिंदूंवरून तिसऱ्या बिंदूकडे जाताना काय होते ते एकदा सांगाल का?'

मी आकृती काढली. दोन बिंदू, त्यांना जोडणारी एक जीवा, दोन तुकडे. तिसरा बिंदू एका बाजूच्या कंसावर घेतला. त्यातून निघालेल्या दोन्ही रेषा त्याच बाजूच्या तुकड्यात राहिल्या आणि त्याचे तीन तुकडे झाले. जीवेच्या पलीकडच्या तुकड्याला कोणी स्पर्शही केला नाही. तीन आणि एक मिळून चार. संख्या दुप्पट झाली होती हे खरे, पण मी सांगितले होते त्या कारणाने झाली नव्हती. म्हणजे माझी सिद्धता सहाव्या बिंदूपाशी कोसळली असे मी समजत होते ते चूक होते. ती तिसऱ्या बिंदूपाशीच खोटी होती आणि चौथ्या-पाचव्या बिंदूला आकडे योगायोगाने जुळत गेले म्हणून उभी दिसत होती. हिशेबाच्या कामात मी हे कित्येकदा पाहिले आहे. एकूण रकमेचा ताळा जमतो, सगळे निश्चिंत होतात, आणि आत दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात. दुसऱ्याच्या वहीत मला जे पटकन दिसते, ते स्वतःच्या सिद्धतेत तीन बिंदूंपाशीही दिसले नाही.

बरोबर उत्तर मला कोणी सांगितले नाही. मी तशी विनंती केली होती आणि मंडळाने ती पाळली. मला फक्त एवढे सुचवण्यात आले की, बिंदू वाढवत जाण्याऐवजी एकेक रेषा वाढवत जावी आणि प्रत्येक रेषेमुळे किती तुकडे वाढतात ते पाहावे. यावर मी सहा-सात दिवस घालवले. रेषा ओढताना पेन्सिल कागदावरून सरकते आहे, अशी कल्पना केली की गोष्ट उलगडते : आधीची एखादी रेषा ओलांडली की एक तुकडा दुभंगून झालेला असतो, आणि शेवटी परिघाला टेकताना आणखी एक दुभंगतो. म्हणजे नवी रेषा आधीच्या जितक्या रेषांना आत छेदते त्यापेक्षा एक जास्त तुकडा वाढवते. सगळ्या रेषा ओढून झाल्यावर तुकड्यांची संख्या म्हणजे सुरुवातीचा एक, अधिक रेषांची संख्या, अधिक आतल्या छेदनबिंदूंची संख्या, मात्र तीन रेषा एका ठिकाणी भेटत नसतील तर. आता रेषा किती? बिंदूंमधून दोन निवडण्याचे जितके प्रकार, तितक्या. छेदनबिंदू किती, इथे मी अडले. दोन दिवसांनी लक्षात आले की, आतला प्रत्येक छेदनबिंदू दोन रेषांचा, दोन रेषांची टोके चार, आणि परिघावरचे कोणतेही चार बिंदू घेतले तर त्यांच्यातून असा छेद देणारी रेषांची जोडी एकच निघते. म्हणून छेदनबिंदू म्हणजे बिंदूंमधून चार निवडण्याचे प्रकार. सहा बिंदूंना १ अधिक १५ अधिक १५, म्हणजे ३१. सात बिंदूंना १ अधिक २१ अधिक ३५, म्हणजे ५७. आणि सारख्या अंतरावरच्या सहा बिंदूंत तीन रेषा केंद्रात एकत्र आल्यामुळे तीन छेदांचा एकच बिंदू होतो आणि नेमका तो छोटा त्रिकोण मिटतो, म्हणून ३०.

चारांच्या निवडीचा तो दुवा सापडला ती वेळ पहाटेची होती. घरात सांगायला कोणी जागे नव्हते. मी मंडळात लिहिले आणि दहा मिनिटांत एका दूरच्या देशातून, जिथे तेव्हा दुपार होती, एका मुलीचे उत्तर आले की तिलाही याच जागी दोन दिवस लागले होते.

मग पाचपर्यंत दुप्पट का होत जाते, हा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर भाष्य करताना हलायुधाने दहाव्या शतकात संख्यांचा जो मेरुप्रस्तार सांगितला, ज्याला आज बहुतेक पुस्तके पास्कलचा त्रिकोण म्हणतात, त्यात प्रत्येक संख्या म्हणजे वरच्या ओळीतल्या शेजारच्या दोन संख्यांची बेरीज, त्यामुळे प्रत्येक ओळीची बेरीज मागच्या ओळीच्या दुप्पट असते. जितके बिंदू तितक्या संख्यांची ओळ या प्रस्तारातून घेतली, तर आपल्या तुकड्यांची संख्या म्हणजे त्या ओळीतल्या पहिल्या पाच संख्यांची बेरीज. पाच बिंदूंपर्यंत त्या ओळीत पाचपेक्षा जास्त संख्याच नसतात, त्यामुळे पूर्ण ओळ मिळते आणि बेरीज दुप्पट होत जाते. सहाव्या बिंदूला ओळ १, ५, १०, १०, ५, १ अशी सहा संख्यांची होते आणि शेवटचा १ हातातून सुटतो. ३२ ऐवजी ३१ येतात ते त्या सुटलेल्या एकामुळे. दहा बिंदूंना ओळीत दहा संख्या असतात, त्यातल्या पहिल्या पाच म्हणजे ओळीचा बरोबर अर्धा भाग : १ अधिक ९ अधिक ३६ अधिक ८४ अधिक १२६, म्हणजे २५६. दोनाचा घात पुन्हा एकदा डोके वर काढतो, आणि तो का हे आता सांगता येते.

यानंतर मी माझी सिद्धता नव्याने लिहिली. ती मंडळाने तीनदा परत केली. पहिल्या वेळी मी 'हे उघड आहे की' असे दोन ठिकाणी लिहिले होते, आणि शिक्षकांनी त्या दोन्ही शब्दसमूहांखाली रेघ ओढून विचारले होते की, उघड असेल तर एका वाक्यात सांगता येईल, ते वाक्य कुठे आहे? त्यातल्या एका जागी वाक्य सहज मिळाले. दुसऱ्या जागी, म्हणजे चार बिंदूंमधून छेद देणारी जोडी एकच का, हे लिहायला घेतल्यावर मला ते पूर्ण कळलेच नव्हते असे आढळले. तेव्हापासून मी स्वतःच्या लेखनात 'उघड', 'सहज', 'साहजिकच' हे शब्द मुद्दाम शोधते. भोक बहुधा त्यांच्याच खाली असते.

विज्ञानाच्या बाजूने माझा पहिला सहभाग लंबकाचा. दोऱ्याला वजन बांधून गुरुत्व त्वरण घरच्या घरी मोजायचे, असा उपक्रम वीसेक जणांनी मिळून ठरवला होता. अट एकच होती की सरासरी न सांगता घेतलेली प्रत्येक नोंद जशीच्या तशी द्यायची, फसलेल्या नोंदीसुद्धा. मी १०० सेंटिमीटर दोरा घेऊन त्याला ३ सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा लावला, वीस आंदोलने स्टॉपवॉचवर मोजली, असे पाच वेळा केले. वीस आंदोलनांना सरासरी ४०.७५ सेकंद लागले आणि गणित केल्यावर त्वरण आले ९.५१ मीटर प्रति वर्ग सेकंद. पुस्तकातला आकडा ९.८ च्या जवळचा असतो हे मला ठाऊक होते, आणि पाचपैकी दोन नोंदी गाळल्या तर उत्तर थोडे सुधारते हेही दिसत होते. नोंदी जशाच्या तशा द्यायची अट का घातली होती ते त्या क्षणी कळले.

माझ्या नोंदी पाहून दोन प्रश्न आले. लांबी कुठपासून कुठपर्यंत मोजली? गाठीपर्यंत, म्हणजे गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती, म्हणजे दीड सेंटिमीटर जास्त. एवढ्याने उत्तरात दीड टक्क्याचा फरक पडतो. गोळा किती अंशांपर्यंत ओढून सोडला? मी मोजला नव्हता, पण भिंतीवरच्या खुणेवरून तो २० अंशांच्या आसपास असावा. लंबकाचे नेहमीचे सूत्र लहान कोनांसाठी आहे. २० अंशांना दोलनकाल सुमारे पाऊण टक्का वाढतो आणि त्वरणात ती चूक दुप्पट होऊन उतरते, म्हणजे पुन्हा दीड टक्का. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, त्यामुळे बेरीज तीन टक्के. मी पुन्हा केले. गोळ्याच्या मध्यापर्यंत १०१.५ सेंटिमीटर, कोन ५ अंशांच्या आत, वीस आंदोलनांना ४०.४६ सेकंद, आणि उत्तर ९.७९. मला त्या ९.७९ पेक्षा ९.५१ चा जास्त अभिमान वाटतो, कारण त्यातल्या उणेपणाचा पै-पैचा हिशेब लागला होता.

या उपक्रमात निरनिराळ्या अक्षांशांवर राहणारे लोक होते, आणि विषुववृत्तावर त्वरण ९.७८ तर ध्रुवांपाशी ९.८३ असते हे सगळ्यांना वाचून माहीत होते, म्हणून आमच्या आकड्यांत तो फरक दिसेल अशी आशा होती. तो दिसला नाही. पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा सगळा फरक जेमतेम अर्धा टक्का, आणि आमचा अंगठा स्टॉपवॉचवर पडायला जो पाचवा हिस्सा सेकंद इकडे-तिकडे होत होता तेवढ्यानेच उत्तरात एक टक्का डळमळत होता. तेव्हा कोणीतरी झां रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची आठवण करून दिली. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले होते. त्याच्याकडे आमच्यापेक्षा चांगले स्टॉपवॉच नव्हते. पण त्याचा लंबक दिवसभर चालत होता, आणि एका आंदोलनात न दिसणारा फरक हजारो आंदोलनांत साठत जाऊन मिनिटांएवढा झाला होता. आमच्यापैकी तिघांनी मग दोनशे-दोनशे आंदोलने मोजायला घेतली.

एक प्रसंग मात्र माझ्या हातून वाईट घडला. वर्षभरानंतर मी इतरांना उत्तरे देऊ लागले होते. एका नव्या सदस्याने कंपास आणि खुणा नसलेली सरळ पट्टी वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याची रचना पाठवली : कोनाच्या दोन बाजूंवर सारख्या अंतरावर बिंदू घ्यावेत, ते जोडावेत, त्या रेषेचे तीन समान भाग करावेत आणि भागबिंदू शिरोबिंदूला जोडावेत. मी दोन ओळींत उत्तर दिले की ही गोष्ट अशक्य आहे, पिएर व्हाँझेल या फ्रेंच गणितीने १८३७ मध्येच ते सिद्ध केले आहे, तेव्हा यावर वेळ घालवू नये. माझे विधान खरे होते. त्या सदस्याने पुढे काहीच लिहिले नाही.

दोन दिवसांनी शिक्षकांनी त्याच रचनेखाली लिहिले, मला उद्देशून काही नाही, फक्त त्या सदस्याला : 'तुम्ही रचना फार स्वच्छ मांडली आहे. ही ३० अंशांवर केलीत तर मधला भाग १०.२ आणि कडेचे ९.९ येतात, कोनमापकावर हा फरक दिसणे कठीण. आता १२० अंशांचा कोन घेऊन करून पाहा आणि काय येते ते आम्हाला कळवा.' दुसऱ्या दिवशी सदस्याचे उत्तर आले. मधला भाग ६० अंश आला होता आणि कडेचे दोन्ही ३०. रेषेचे समान भाग म्हणजे कोनाचे समान भाग नव्हेत, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिले होते आणि पुढे विचारले होते की, मग कोणतीच रचना चालणार नाही हे कोणाला कसे कळले? तो प्रश्न आल्यावर व्हाँझेलचे नाव घेण्याला अर्थ होता. कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने मिळणाऱ्या लांबी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमुळे यांच्यापलीकडे जात नाहीत, तर ६० अंशांचे तीन भाग करायला लागणारी २० अंशांची कोज्या (कोसाइन) ज्या त्रिघाती समीकरणाचे मूळ आहे ते वर्गमुळांनी सुटत नाही, हे समजून घ्यायला त्याने आणि मी मिळून तीन आठवडे घेतले. मी सदस्याची क्षमा मागितली. त्याने ती लगेच दिली, पण ज्याने स्वतःचे काम समोर ठेवले त्याचे काम न पाहताच मी निकाल दिला होता, आणि माझ्या ३२ ला तसे कोणी केले असते तर मी दुसऱ्यांदा लिहिले असते की नाही याची मला खात्री नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये डेव्हिड स्मिथ या हौशी माणसाने शोधलेल्या तेरा बाजूंच्या फरशीची बातमी आली. ही एकच फरशी सगळे प्रतल भरून काढते, पण ती मांडणी कधीही ठरावीक अंतराने तशीच्या तशी परत येत नाही, हे त्याने तीन गणिती आणि संगणकतज्ज्ञांबरोबर सिद्ध केले होते. टोपीसारखा आकार म्हणून तिला 'हॅट' म्हणतात. मंडळातल्या बऱ्याच जणांप्रमाणे मीही पुठ्ठ्याच्या फरश्या कापल्या, एका बाजूने निळ्या आणि दुसऱ्या बाजूने पांढऱ्या, कारण काही फरश्या उलट्या करून बसवाव्या लागतात. साठ फरश्या जुळवेपर्यंत पांढऱ्या बाजूच्या फरश्या एकमेकींपासून दूर दूर, प्रत्येक निळ्यांच्या घोळक्यात एकटी, अशा पडलेल्या दिसू लागल्या. मांडणी मोठी होत गेली की निळ्या-पांढऱ्यांचे प्रमाण सातास एकाच्या किंचित खाली स्थिरावते असे एकाने सांगितले. माझ्या टेबलावर साठांत आठ पांढऱ्या होत्या.

वर्तुळाच्या प्रश्नाकडे मी पुन्हा वळले ती एका वेगळ्या कारणाने. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना संख्यांच्या अनुक्रमांचा जो संग्रह सुरू केला, त्याचा आता जालावर कोश झाला आहे. १, २, ४, ८, १६, ३१ हा क्रम त्यात आहे हे मला ठाऊक होते. एके दिवशी सहज म्हणून मी माझ्या पहिल्या रात्रीचा आकडा घालून पाहिला : १, २, ४, ८, १६, ३०. तोही होता. पुढे ५७, ८८, १६३. बिंदू सारख्या अंतरावर घेतले तर होणारे तुकडे, असे त्याचे वर्णन होते. ज्या ३० ला मी मोजणीतली चूक समजून दोन कागद खर्ची घातले होते, ते दुसऱ्याच एका प्रश्नाचे बरोबर उत्तर होते.

सारख्या अंतरावरचे बिंदू जोडले की सुसम बहुभुज, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेला बहुभुज, आणि त्याचे कर्ण मिळतात. बाजूंची संख्या विषम असेल तर अशा बहुभुजाचे तीन कर्ण आत एका बिंदूत कधीच भेटत नाहीत, म्हणून सातला ५७ तेच राहतात. आठला मात्र सूत्राने ९९ यायला हवेत तिथे ८८ येतात. मी मोजले, मोजल्याशिवाय मला आता चैन पडत नाही. सम बाजूंच्या बहुभुजात कोणत्या ठिकाणी किती कर्ण एकत्र येतात याचे पूर्ण उत्तर ब्योर्न पूनन आणि मायकेल रुबिनस्टाइन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आहे. केंद्र सोडले तर कोणत्याही सुसम बहुभुजात एका बिंदूत सातपेक्षा जास्त कर्ण भेटत नाहीत, असे त्यांनी दाखवले आहे.

तो निबंध आम्ही तिघे मिळून वाचतो आहोत : मी, पहाटे उत्तर पाठवणारी ती मुलगी आणि कोनाचे तीन भाग करू पाहणारा तो सदस्य. दर रविवारी एक पान, कधी अर्धे. एकाच्या मुळांची, म्हणजे ज्यांचा एखादा घात एक येतो अशा संमिश्र संख्यांची, बेरीज शून्य केव्हा होते, या भागावर आमचे दोन महिने गेले आहेत आणि अजून तो पुरता हातात आलेला नाही. मधल्या काळात मी तीस बाजूंच्या बहुभुजाचा ताळा केला. त्याच्या आत १६,८०१ छेदनबिंदू आहेत : १३,८०० ठिकाणी दोन कर्ण भेटतात, २,२५० ठिकाणी तीन, ४२० ठिकाणी चार, १८० ठिकाणी पाच, १२० ठिकाणी सहा, ३० ठिकाणी सात, आणि केंद्रात एकदम पंधरा. जिथे तीन कर्ण भेटतात तिथे तीन जोड्या, चार भेटतात तिथे सहा, सात भेटतात तिथे एकवीस, केंद्रात एकशे पाच, अशा सगळ्या जोड्या एकीखाली एक मांडून बेरीज केली. २७,४०५ आले. तीस बिंदूंमधून चार निवडण्याचे प्रकारही २७,४०५ च आहेत. त्या बेरजेचा कागद मी दोघांना पाठवला आहे आणि प्रत्येक ओळ पुन्हा तपासून पाहा असे कळवले आहे.